साडेतीन तास मागे

पुण्यात नवी पेठेत रविवारी संध्याकाळी मेस बंद असतात. दुपारी फीस्ट असते, म्हणजे एखादं गोड आणि एक जास्तीची भाजी, आणि त्याच्या मोबदल्यात रात्री सुट्टी. इथं राहणाऱ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कुणी कुणाला सांगत नाही. गांजवे चौकापासून शास्त्री रस्त्यापर्यंतच्या अभ्यासिकांमधून आठ-साडेआठला पोरं बाहेर पडतात आणि गाडीवर जे मिळेल ते खातात. वडापाव, भुर्जी, नाहीतर नुसता चहा आणि क्रीमरोल.

आमच्या मागच्या खोलीत कॉट बेसिसवर दोन मुली राहतात. दोघीही एमपीएससीच्या. लातूरची जुनी, आता या गल्लीची अर्धी मालकीण झालेली. वाशिमची आली २०२४च्या सप्टेंबरअखेरीस, म्हणजे माझी लेक एमएस्सी करायला जर्मनीत लाइपझिगला गेली त्याच दिवसांत. मागच्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून वाशिमची जिन्यात बसून घरी फोन करायची. एका रविवारी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला मी दार उघडलं, तर ती सांगत होती, ‘हो ना मम्मी, जेवली. पोळी, भाजी, वरण, भात, सगळं होतं.’ मला पाहून तिने आवाज बारीक केला. रात्रीचे नऊ वाजले होते आणि तिच्या मेसला कुलूप होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिला आत बोलावून थालीपीठ दिलं वगैरे सांगत बसत नाही. नवी पेठेतल्या निम्म्या घरांत ते होतं.

पुढे दीड तासाने आमचा फोन. लाइपझिग तेव्हा साडेतीन तास मागे होतं. आमचे रात्रीचे साडेदहा, तिचे संध्याकाळचे सात.

‘जेवलीस का?’

‘हो गं आई, जेवले. वरण-भात केला होता.’

सगळं होतं. छान चाललंय. काही काळजी करू नकोस. जिन्यातल्या फोनची मी ऐकलेली बाजू आणि हा फोन, यांत फक्त ‘जेवली’ आणि ‘जेवले’ एवढाच फरक होता. मी पुढचा प्रश्न गिळला आणि हवामान विचारलं.

जाण्याआधीचं वर्ष कागदांचं होतं आणि ते आम्हाला, म्हणजे आई-बापांना, फार मानवलं. पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक झालंय, त्याची वाट पाहायची. ब्लॉक्ड अकाउंट काढायचं, म्हणजे वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून कुलूपबंद ठेवायचे. आमच्या वेळी ते ११,२०८ युरो होते, दहा लाख रुपयांच्या वर. त्याच सप्टेंबरपासून आकडा ११,९०४ झाला. आमच्या ११,२०८मधले महिन्याला ९३४ युरोच मुलीच्या हातात सुटणार. नवऱ्याने एक्सेल शीट केली. मी फायलींना रंगीत पट्ट्या लावल्या. बँकेत, नोटरीकडे, व्हिसाच्या रांगेत, सगळीकडे आपण कामाचे आहोत असं वाटत राहिलं.

मग बॅगा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं तर काहीच नाही. सासूबाईंचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ‘तूप काय मांस आहे?’ असं त्यांनी मला विचारलं, जणू नियम मीच केला होता. शेवटी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी आणि कुकर यांच्यावर तह झाला. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही, त्यामुळे द्रुतगती मार्गाने रात्री मुंबई, तिथून फ्रँकफर्ट, मग तीन-साडेतीन तासांची रेल्वे. विमानतळावरच्या रडारडीबद्दल लोकांनी इतकं लिहिलंय की माझी भर नको.

जाण्याआधीच्या तयारीबद्दल सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. प्रत्येक सोसायटीत निदान एक मूल बाहेर असतं. पण उतरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात काय होतं हे कुणी धड सांगत नाही. फोटो येतात ते चर्चचे, पुलांचे आणि पिवळ्या पानांचे. मधले दिवस नुसते रांगा, कागद, किल्ल्या आणि कचऱ्याचे डबे यांत जातात, आणि त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

लाइपझिग हे नाव घरात आलं तेव्हा मला मात्र एका वेगळ्याच कारणाने आनंद झाला होता. लेक जर्मन शिकली ती बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात. या संस्थेचं जगभरातलं नाव गोएथे इन्स्टिट्यूट. भारतात ती मॅक्स म्युलरच्या नावाने ओळखली जाते. आणि हे दोघेही लाइपझिगचे विद्यार्थी! १४०९ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे ते. गोएथे तिथे १७६५ साली आला, सोळा वर्षांचा, फ्रँकफर्टहून, वडिलांच्या इच्छेने कायदा शिकायला. तीन वर्षांनी आजारी पडून पदवीशिवाय घरी परतला. मॅक्स म्युलर १८४१ साली तिथे दाखल झाला, हेरमान ब्रॉकहाउस यांच्याकडे संस्कृत शिकला आणि विसाव्या वर्षाच्या आत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. पुढे ऑक्सफर्डला जाऊन त्याने ऋग्वेदाचं संपादन केलं, आणि भारतात एकदाही आला नाही. सासूबाईंना मी हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या आणि लेकीला निरोप दिला, ‘त्या दुसऱ्यासारखं कर. पहिल्यासारखं नको.’

लेकीला यातलं काहीही पहिल्या आठवड्यात उपयोगी पडलं नाही. तिला हवी होती घरमालकिणीची सही.

घर घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नागरी कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी ‘ही व्यक्ती माझ्याकडे राहते’ असा घरमालकाचा सहीचा कागद लागतो, आणि कार्यालयाची वेळ आधी ऑनलाइन मिळवावी लागते. आरोग्यविमा असल्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही. तिने ज्या बँकेत चालू खातं काढायला घेतलं तिथे पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागितला, आणि चालू खातं नाही तोवर ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटेनात. मालकीणबाईंना मात्र पहिल्या तारखेला भाडं त्यांच्या खात्यात हवं होतं. लेक हे सगळं शांतपणे सांगत होती. इकडे नवरा एक्सेल शीट उघडून बसला होता आणि त्याच्या शीटमध्ये यासाठी रकाना नव्हता.

मला या कागदांचं फारसं नवल वाटलं नाही, कारण त्याच आठवड्यात मी वाशिमच्या मुलीचा फोटो, आधार कार्ड आणि घरचा पत्ता पोलीस ठाण्यासाठी भरत होते. पुण्यात भाडेकरू ठेवला की पोलिसांना त्याची माहिती द्यावी लागते आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. फॉर्म भरताना ती समोर खुर्चीच्या कडेला बसली होती. वडिलांचा धंदा विचारला तर ‘शेती’ म्हणाली आणि लगेच ‘थोडीच आहे’ असं पुढे जोडलं. तिकडे तेव्हाच कुणी तरी माझ्या लेकीला असाच काही प्रश्न विचारत असेल आणि तीही न विचारलेलं काहीतरी पुढे जोडत असेल, असं मला वाटून गेलं.

लेकीची मालकीण सत्तरीची, खालच्याच मजल्यावर राहणारी. वर तीन खोल्यांत तीन विद्यार्थी, स्वयंपाकघर एक. घराची नियमावली जिन्यात चौकटीत लावलेली होती. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या त्याही रविवारी नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. कागदाचा डबा निळा, वेष्टनांचा पिवळा, ओल्या कचऱ्याचा वेगळा, आणि आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा. लेकीने याचा फोटो पाठवला तेव्हा आमच्या ग्रुपवर फार हशा पिकला. सदाशिव पेठेची शाखा निघाली म्हणून. पुणेरी पाट्यांचे विनोद आता मलाच कंटाळवाणे वाटतात, पण एक फरक मला जाणवला. आपली पाटी वाचणाऱ्याचा पाणउतारा करून थांबते. तिथली पाटी काय करायचं ते सगळं सांगते आणि मग तुमच्याकडे बघतही नाही. नव्या माणसाला कुठली जास्त बोचते, हे मी अजून ठरवलेलं नाही.

टपालपेटीची गोष्ट मात्र कुठल्याच पाटीवर नव्हती. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आणि घंटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, कर क्रमांक तिसऱ्यात. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. लेकीची वाट बघून झाली, चौकशी करून झाली, मग कळलं की कार्ड येऊन परतसुद्धा गेलं. तिने खाली जाऊन मालकीणबाईंना गाठलं. बाईंनी चष्मा लावून कागदाची पट्टी कापली, आडनाव विचारलं, दोनदा लिहून पाहिलं, पट्टीत बसेना तेव्हा अक्षरं बारीक केली आणि स्वतःच्या हाताने चिकटवली. त्या पट्टीचा फोटो लेकीने आम्हाला पाठवला. नियमावली सोडली तर पूर्ण लाइपझिगमध्ये तिने काढलेला तो पहिला फोटो, ज्यात काहीही प्रेक्षणीय नव्हतं. नवऱ्याने तो आपल्या फोनवर वॉलपेपर म्हणून लावला आणि विचारलं तर ‘चुकून लागला’ म्हणाला.

३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. तो जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, त्यामुळे तिथे राष्ट्रीय सुट्टी, आणि योगायोग असा की त्याच दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. आमच्याकडे टीव्हीवर पेढे वाटत होते. लेकीकडे अर्धा पाव आणि थोडं चीज होतं, कारण सुट्टीला दुकानं बंद राहतात हे तिला आदल्या संध्याकाळी दुकानाचं शटर पाहिल्यावर कळलं. रविवारचं तर ठरलेलंच. आठवड्याची मोठी खरेदी शनिवारी उरकायची, हे तिथल्यांच्या इतकं अंगात भिनलेलं आहे की कुणी नव्याला सांगत नाही. मी वर मेसबद्दल हेच वाक्य लिहिलंय, ते आत्ता लक्षात आलं. राहू दे.

पुढे तिला शोध लागला की लाइपझिगच्या मुख्य रेल्वे स्टेशनात काही दुकानं रविवारीही उघडी असतात. १९१५ साली पुरं झालेलं ते स्टेशन युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्टेशनांत गणलं जातं, आत तीन मजली बाजार आहे. तिने मला हे अशा स्वरात सांगितलं की स्टेशन तिच्यासाठीच बांधलंय असं मी समजावं. वाशिमच्या मुलीलाही साधारण त्याच सुमाराला रविवारी रात्री चालू असलेली एक खानावळ सापडली होती. दोघींची ओळख नाही, पण मी प्रत्येकीला दुसरीची बातमी दिली आणि दोघींनाही ती मनापासून आवडली.

आता पिठाची गोष्ट. जर्मनीत गव्हाच्या पिठाच्या पाकिटांवर आकडे असतात: ४०५, ५५०, १०५०. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. लेक दुकानात त्या फडताळासमोर उभी, आणि व्हिडिओ कॉलवर मी. मी एकटी नव्हते. माझी बहीण होती, सासूबाई होत्या, आणि फोटो मावश्यांच्या ग्रुपवरही गेला होता. पाच बायकांची सहा मतं. कानात इअरफोन घालून लेक पाकिटं फिरवून दाखवत होती. तिच्या शेजारी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचा फक्त हात दिसत होता, राखाडी बाहीतला. त्या एका पाकिटावर बोट ठेवून काहीतरी सांगत होत्या, विचारतही असाव्यात. ‘एक मिनिट आई,’ म्हणून लेकीने एक इअरफोन काढला, पण तोवर सासूबाईंनी इकडून ‘मैदा घेऊ नकोस गं!’ अशी आरोळी ठोकली, आणि हात स्क्रीनमधून निघून गेला.

मला त्या हाताने बरेच दिवस छळलं.

कारण पहिल्या आठवड्यांत तिच्याशी आपणहून बोलायला आलेलं बहुधा ते पहिलं माणूस होतं. कार्यालयातली माणसं बोलली ती काचेपलीकडून. वर्ग अजून सुरू झाले नव्हते, ते ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. बरोबर राहणारे दोघे आपापल्या गावी गेलेले. आणि ते एक माणूस आलं तेव्हा आम्ही पाचजणी पुण्यात बसून मध्ये बोलत होतो.

फोनमुळे अंतर राहिलं नाही, याबद्दल सगळे फोनचे आभार मानतात. मला शंका आहे. रँग्लर परांजपे फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांची पत्रं बोटीने जायची, पंधरा-वीस दिवसांनी पोचायची. ‘इथे पाव फार कोरडा आहे’ हे घरी कळून, घरच्यांनी काळजी करून, त्या काळजीचं उत्तर परत जाईपर्यंत दीड महिना उलटलेला आणि मूल तो पाव आवडीने खायला लागलेलं. मी जुन्या दिवसांचे गोडवे गाणारी नाही. तेव्हा मूल आजारी पडलं तरीही पत्राने पंधरा-वीस दिवसांनीच कळायचं, आणि तसलं धैर्य माझ्यात नाही. पण तो कोरडा पाव तेवढा वेळ त्या मुलाचा स्वतःचा असायचा. आता दुपारी दोनला वाटलेला एकटेपणा साडेपाचला नवी पेठेत पोचतो आणि सहा वाजेपर्यंत त्यावर तीन उपाय तयार असतात. मूल रोज संध्याकाळी पुण्याला परत येतं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून लाइपझिगला जातं. मग ते तिथे पोचणार कधी?

हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मी रोज साडेदहाला फोन हातात घेऊन बसत होते, हे खरं.

९ ऑक्टोबरला तिचा फोन आला नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मेसेजला एकच खूण. मुंबईहून रतन टाटा गेल्याची बातमी आली आणि सगळ्या वाहिन्यांवर तेच सुरू झालं. नवरा एक डोळा टीव्हीकडे, एक माझ्या फोनकडे लावून बसला. ‘बॅटरी संपली असेल’ हे आम्ही एकमेकांना आळीपाळीने सांगत होतो. एकच्या पुढे उत्तर आलं, एक व्हिडिओ आणि खाली ‘उद्या बोलते, खूप सांगायचंय’.

व्हिडिओत एक मोठा चौक, आउगुस्टुसप्लाट्झ, विद्यापीठाच्या समोरचाच. हजारो लोक, हातात मेणबत्त्या, आणि जमिनीवर मेणबत्त्यांनी ८९ हा आकडा काढलेला. पूर्व जर्मनीच्या राजवटीत दर सोमवारी लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये प्रार्थना व्हायची आणि तिथून लोक रस्त्यावर उतरायचे. ९ ऑक्टोबर १९८९ला सत्तर हजारांच्या आसपास माणसं शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावरून चालली. गोळीबार होईल अशी भीती होती, झाला नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. त्या रात्रीची आठवण म्हणून शहर दरवर्षी दिवे लावतं, आणि हे पस्तिसावं वर्ष होतं.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती ग्रंथालयाचं कार्ड काढून बाहेर पडली, गर्दी दिसली, खालच्या मालकीणबाई गर्दीत दिसल्या. त्यांनी पर्समधून दुसरी मेणबत्ती काढून तिच्या हातात दिली. म्हणजे त्यांनी दोन आणल्या होत्या. का, ते लेकीने विचारलं नाही. मग त्या तिला रस्त्याकडेला उभं करून सांगत बसल्या की त्या रात्री त्या कुठे होत्या, लहान मुलाला कुणाकडे सोडून आल्या होत्या, कुठल्या कोपऱ्यावर पोलीस उभे होते. जर्मनमध्ये, भराभर. ‘मला निम्मंच कळलं,’ लेक दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘पण मी मान हलवत राहिले. आणि आई, त्या बाई शांतता-शांतता करतात ना, त्या केवढ्या मोठ्याने बोलतात!’

त्या दिवशी ती जेवली की नाही, हे मी विचारायला विसरले. तिनेही सांगितलं नाही.

दसऱ्याला तिने श्रीखंड केलं. तिथे क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, आपल्या चक्क्याच्या अगदी जवळचा, टांगून ठेवायचीही गरज नाही. केशर बॅगेतून गेलं होतं. बरोबरच्या दोघांना दिलं, खाली एक वाटी नेऊन दिली. मालकीणबाईंनी वाटी धुऊन परत केली, रिकामी. सासूबाईंना ते खटकलं; रिकामी वाटी परत करतात का कुणी? लेक म्हणाली, ‘आजी, इथे धुऊन देतात हेच खूप आहे.’ हे ‘इथे’ मी ऐकलं. आठवड्यापूर्वीपर्यंत ती ‘यांच्याकडे’ म्हणत होती.

आणि मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. त्या रात्री युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. हे मला माहीत होतं, पण त्याचा आपल्या घराशी काय संबंध येईल हे डोक्यात आलं नव्हतं. अंतर साडेचार तासांचं झालं. आमचे साडेदहा म्हणजे आता तिचे सहा, आणि सहाला ती प्रयोगशाळेतून निघालेली नसायची. तिला मोकळीक आठनंतर, म्हणजे आमचे साडेबारा. दोन-चार दिवस मी जागून पाहिलं. मग तीच म्हणाली, ‘आई, रोज नको ना. शनिवारी निवांत बोलू.’ मी ‘हो, तेच बरं’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याला सांगितलं की हे घड्याळ मागे-पुढे करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. तो म्हणाला, तिथे पाचच्या आत अंधार पडतो म्हणून करतात. मी म्हटलं, मग अंधार तरी कुठे थांबलाय.

दिवाळी मात्र साधून आली. ३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. मार्टिन लूथरच्या १५१७ सालच्या बंडाची आठवण म्हणून सॅक्सनी राज्यात त्या दिवशी धर्मसुधारणेची सुट्टी असते. आम्ही पहाटे पाचला उठलो तेव्हा तिचे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि ती जागी होती. स्वयंपाकघरात सात-आठ जण, त्यातला एक नागपूरचा, एक कोलंबियाची, बाकी मला ओळखता आले नाहीत. कुणीतरी चकल्या तळल्याचा दावा केला होता. मला त्या सोऱ्यातून आल्यासारख्या दिसल्या नाहीत, पण बोलले नाही. खाली मालकीणबाईंची दहाची शांतता मोडली असणार, म्हणून विचारलं. ‘त्याच तर बसल्यात,’ म्हणून तिने फोन फिरवला. बाई खुर्चीत बसून चकलीचा तुकडा उजेडात धरून पाहत होत्या.

वाशिमची त्या दिवाळीत घरी गेली नाही, परीक्षा जवळ होती. अभ्यंगाला तिला उठवलं. तिने तेल लावून घेतलं, फराळ केला आणि जिन्यात जाऊन फोन लावला. या वेळी मी मुद्दाम दार लोटून घेतलं.

मागच्या आठवड्यात कोथरूडहून एक बाई आल्या होत्या, आमच्या भिशीतल्या मैत्रिणीची जाऊ. त्यांचा मुलगा यंदा श्टुटगार्टला चाललाय, ऑटोमोबाइल करायला. बरोबर वही होती. त्यांनी पहिलाच प्रश्न फीचा विचारला. मी सांगितलं की बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. ते त्यांना माहीत होतं. माझी परीक्षा चालली होती. पुढे मी तुपाचं सांगितलं, ते लिहून घेतलं. टपालपेटीवर नाव लावायचं, ते लिहून घेतलं, अधोरेखित केलं. रविवारचं सांगितलं. मग म्हटलं, पहिला महिनाभर रोज फोन करू नका, त्याला करायचा तेव्हा तो करेल. पेन वहीवर तसंच थांबलं.

‘पण मग तो जेवला की नाही, ते कसं कळायचं?’

‘नाहीच कळत,’ मी म्हटलं. ‘फोन केला तरी.’

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पान उलटलं आणि विचारलं, ‘कुकर तीन लिटरचा देऊ की दोनचा?’

‘तीनचा. इंडक्शनचं बूड बघून घ्या. दोनच्यात चार माणसांचा भात होत नाही.’

‘चार कोण? तो तर एकटाच आहे.’